पत्र्यावरचा ल

चौसाळ्याच्या अलीकडं रस्त्याला लागून एक सायकलचं दुकान होतं. त्याच्यावर निळ्या पत्र्याची पाटी, पांढरी अक्षरं आणि अक्षरांना उजव्या बाजूनं लाल शेड, ‘येथे सायकली भाड्याने मिळतील व पंक्चर काढून मिळेल’. माझी नोकरी फिरतीची, त्या रस्त्यानं महिन्यातनं दोनदा तरी जाणं व्हायचं, एकदा गाडी थांबवून घाईघाईत मोबाईलवर फोटो काढला, खालून, तिरका, वरचा कोपरा कापलेला, आणि म्हटलं पुढच्या खेपेला कॅमेरा आणून नीट काढू. पुढच्या खेपेला तिथं जेसीबी उभा. सोलापूर-धुळे हायवेचं रुंदीकरण सुरू झालं होतं, दुकानाचा पुढचा भाग गेला, पाटीचं काय झालं ते मालकालाही माहीत नाही, भंगारात गेली असंल म्हणाले. तो तिरका फोटो आजही माझ्याकडं आहे आणि आजही बघितला की जीव हळहळतो.

तेव्हापासून मी पाट्यांचे फोटो नीट काढतो. बीड, केज, अंबाजोगाई, परळी, गंगाखेड, जिथं काम निघंल तिथं. पिठाची गिरणी, रसवंती, टेलर, एसटीडी पीसीओचे पिवळे डबे, लाल त्रिकोणाच्या कुटुंब नियोजनाच्या भिंती. त्या सोलापूर-धुळे हायवेचा नंबर आधी २११ होता, आता ५२ आहे, आणि २०२३ मध्ये औरंगाबाद-उस्मानाबादची नावं बदलली, त्यामुळं जुना नंबर, जुनं नाव लिहिलेली पाटी दिसली की मी आधी थांबतो, कारण ती पुन्हा तशी कुणी रंगवणार नाही.

लोक विचारतात, मोडक्या पत्र्यात काय बघायलाव? मी म्हणतो ‘ल’ बघा. आपला मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदीसारखी उजवीकडं उभी दांडी नाही, आणि श देठाचा. शासनानं २००९ च्या निर्णयात हीच रूपं प्रमाण धरलीत, तरी फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये जो फॉन्ट असतो त्यात बहुतेक वेळा हिंदी वळणाचा ल येतो आणि तोच छापून गावभर लागतो. जुन्या पेंटरच्या हातात मात्र मराठी ल बसलेला होता आणि प्रत्येकाचा वेगळा. कुणाची पहिली पाकळी मोठी, कुणाची दुसरी खाली जराशी वळलेली. जवळ जाऊन बघा, शिरोरेषेखाली पेन्सिलीची रेघ अजून दिसते, मात्रेच्या शेंड्याला ब्रश उचलला तिथं रंगाचा बारीक थेंब सुकलेला असतो. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी हँडपेंटेड टाइप म्हणून प्रोजेक्ट केला होता, रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं घेऊन त्यांचे डिजिटल फॉन्ट बनवले. २०२४ मध्ये ते गेले. आपल्या भागात असं काम कुणी करायचं ठरवलं तर त्याला आधी अक्षरं तर मिळाली पाहिजेत ना.

फोटो कसा काढावा यावर माझं मत पक्कं झालंय. पाटीसमोर सरळ उभं राहायचं, पाटी उंच असंल तर स्टूल मागून घ्यायचं, चारही कडा फ्रेममध्ये आल्या पाहिजेत. ऑइलपेंट चमकतं म्हणून भर दुपारी काढायचाच नाही, सकाळी सात-आठचं ऊन नाहीतर ढगाळ दिवस. भिंतीवरची पुसट अक्षरं असतील तर ऊन कडेनं घासून जातं ती वेळ धरायची. आणि पावसाळ्यात तर नक्की जायचं, कारण चुना मारलेली भिंत भिजली की खालची जुनी ऑइलपेंटची अक्षरं वर दिसायला लागतात. गंगाखेडला एका भिंतीवर असं बियाणाच्या जाहिरातीखालून अख्खं ‘खानावळ’ वर आलं, मी छत्री मानेत धरून काढलं, वाळल्यावर परत काहीच नाही.

या नादाचा मोठा माणूस म्हणजे अमेरिकेचा जॉन मार्गोलिस. १९६९ ते २००८ रस्त्याकडेची दुकानं, मोटेल, पाट्या काढत देशभर फिरला, त्याच्या ११,७१० रंगीत स्लाइड आज लायब्ररी ऑफ काँग्रेसकडं आहेत आणि कुणीही वापरू शकतो. तो सकाळच्या उजेडात काढायचा आणि फ्रेममध्ये माणूस, गाडी येऊ द्यायचा नाही. मी एक फ्रेम तशी काढतो, दुसरी मात्र दुकानदारासकट, खुर्ची, पाण्याचा माठ, सगळ्यासकट, कारण पाटी त्या उंबऱ्याची असते. म्हणूनच जुन्या पाट्या विकत घेऊन हॉटेलात टांगणं मला पटत नाही. आणि फिल्टर टाकून गंज गडद करणं तर अजिबात नाही, आहे तो रंग आहे तसा यायला पाहिजे. गावाचं नाव, रस्त्याची कुठली बाजू, तारीख, पत्रा की भिंत, पेंटर कोण, हे सगळं त्याच रात्री लिहून ठेवायचं.

मागच्या महिन्यात केजच्या एका गिरणीच्या पाटीवरची पेंटरची सही वाचून शोधत शोधत अंबाजोगाईत त्या चाचांच्या घरी पोचलो. बारा बाय अठराचा प्रिंट नेला होता. चाचांनी चष्मा लावला, खिडकीपाशी नेला, ‘दळण’ वरून बोट फिरवलं, पुढं ‘मिळेल’ वर येऊन थांबले. म्हणाले, "ये ल की पाकळी छोटी पडली बघा. त्या दिवशी शिडी हलत होती." किती वर्षं झाली चाचा? "मोठी पोरगी शाळेत जायाची तवा." मग बराच वेळ शेडचा लाल रंग कसा मिसळायचे ते सांगत बसले, मी सगळं रेकॉर्ड करून घेतलं.

निघताना म्हणाले, परळी रोडला एका जुन्या आडतीच्या मागच्या भिंतीवर त्यांच्या उस्तादांच्या हातची अक्षरं आहेत, पुढं पत्र्याचं शेड टाकल्यापासून कुणाला दिसत नाहीत. या रविवारी सकाळी सहाला त्यांना घ्यायला जायचंय.