बर्नसाइडला तुम्ही माफ केलंत का?

‘द सँडबॅगर्स’ या ब्रिटिश मालिकेविषयी मी कोणाशी बोलले की काही दिवसांनी तीच व्यक्ती परत येऊन मला एक ठरलेला प्रश्न विचारते. मधल्या काळात तिने पहिल्या पर्वाचे सातही भाग पाहिलेले असतात आणि आवाजात राग असतो. “त्या बर्नसाइडला तुम्ही माफ केलंत का? असल्या माणसावर तुमचा एवढा जीव कसा?” दोन-चार वाक्यांत या प्रश्नाचे उत्तर मला कधीच नीट देता आलेले नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांना आधीच सांगते की पहिल्या पर्वाचा शेवट सांगितल्याशिवाय हे लिहिता येणार नाही.

यॉर्कशायर टेलिव्हिजनची ही मालिका सप्टेंबर १९७८ ते जुलै १९८० या काळात तीन पर्वांत दाखवली गेली आणि तिचे एकूण २० भाग झाले. कथा घडते ती एसआयएसमध्ये, म्हणजे ज्याला आपण एमआय-सिक्स म्हणून ओळखतो त्या ब्रिटनच्या परदेशी हेरखात्यात. त्या वेळी असे खाते असल्याचे सरकार अधिकृतपणे मान्यही करत नसे. कायद्याचा आधार त्याला १९९४ साली मिळाला. नील बर्नसाइड हा या खात्याचा मोहीम संचालक आहे. त्याच्या वर उपप्रमुख मॅथ्यू पील आणि त्याच्याही वर ‘सी’, कारण पहिला प्रमुख मॅन्सफील्ड कमिंग याच्या आडनावावरून या खात्याच्या प्रमुखाला ‘सी’ म्हणण्याची पद्धत आहे. बर्नसाइडच्या हाताखाली एक खास तुकडी आहे आणि तिच्यातल्या हेरांना सँडबॅगर म्हणतात. ही तुकडी काल्पनिक आहे.

या तुकडीत फार तर तीन माणसे असतात, आणि बर्नसाइडला समजून घेताना मला हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समोर सोव्हिएत संघाचे प्रचंड हेरखाते, शेजारी पैशाला तोटा नसलेली अमेरिकेची सीआयए, आणि याच्याकडे तीन माणसे. पूर्वी तो स्वतः सँडबॅगर होता, त्यामुळे परक्या मुलुखात एकट्या पडलेल्या माणसाच्या पोटात काय होते हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पहिल्याच भागात सोव्हिएत संघातल्या कोला द्वीपकल्पावर पडलेल्या नॉर्वेच्या विमानातील माणसांना सोडवून आणण्याची विनंती त्याच्याकडे येते आणि सगळे त्याला घाई करत असतात, तेव्हा पुरेशी तयारी नसताना मी माझी माणसे पाठवणार नाही, या मुद्द्यावर तो अडून बसतो. त्या हट्टासाठी तो मला लगेच आवडला. माणसे वाचवण्यासाठी वरिष्ठांचा रोष पत्करणारा अधिकारी कोणाला आवडणार नाही?

पण माणसे मोजण्याची सवय लागली की माणूस आणि आकडा यांतील अंतर कमी होत जाते, आणि हे मालिका फार सावकाश दाखवते. तिसऱ्या भागात एका सँडबॅगरला लग्न करून ही नोकरी सोडायची असते. बर्नसाइड त्याला अडवण्यासाठी त्याच्या वाग्दत्त वधूपर्यंत जातो आणि दोघांच्या खाजगी आयुष्यात इतका खोलवर हात घालतो की ते पाहताना मला अंग चोरून बसावे लागले. तो क्रूर असतो म्हणून हे करत नाही. एक माणूस गेला तर उरलेल्यांवरचा भार वाढेल आणि ते लवकर मरतील, असा त्याचा हिशेब असतो. तो हिशेब चुकीचाही नसतो, आणि तरीही तो करण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. तो भाग संपतो तेव्हा तिघांपैकी फक्त विली केन उरलेला असतो.

बर्नसाइडच्या खाजगी आयुष्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. तो दारू पीत नाही, कोका-कोला पितो. त्याचा घटस्फोट झालेला आहे. गंमत नव्हे तर दुखरी गोष्ट अशी की त्याचे पूर्वीचे सासरे सर जेफ्री वेलिंगहॅम हे परराष्ट्र खात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी आहेत, त्यामुळे मोहिमेची परवानगी मागायला त्याला वारंवार त्यांच्याच दारात जावे लागते. दोघेही एकमेकांना ओळखून आहेत. सरकारी दालनात समोरासमोर बसलेल्या या दोन माणसांचे संवाद हा मालिकेचा खरा रणसंग्राम आहे. बंदुका फार थोड्या वेळा दिसतात आणि टेलिफोन सतत वाजत असतात.

या दालनांत बर्नसाइड काय करतो, तर खोटे बोलतो. पीलला तो मूर्ख समजतो आणि त्याच्यापासून बहुतेक गोष्टी लपवतो. ‘सी’ला अर्धे सांगतो. वेलिंगहॅमना जे सांगितले की परवानगी मिळेल तेवढेच सांगतो. सीआयएचा लंडनमधला प्रमुख जेफ रॉस हा त्याचा मित्र आहे, बहुधा एकमेव मित्र, आणि त्यालाही तो फसवतो. प्रत्येक वेळी त्याच्याकडे चांगले कारण असते. बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो, आणि त्यामुळेच त्याची ती सवय सुटत नाही.

इथे थोडे स्वतःविषयी सांगते, कारण माझ्या उत्तराचा धागा तिथे आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मला असेच एक वरिष्ठ लाभले होते. आमच्या लहानशा विभागासाठी ते वरच्यांशी भांडत, आमच्या चुका स्वतःच्या अंगावर घेत, आणि आम्हाला मात्र खरे कधीच सांगत नसत. एकदा त्यांनी मला ज्या कामावर नेमले त्यातली जोखीम त्यांना पूर्ण माहीत होती आणि मला नव्हती. माझे नुकसान झाले. ते फार मोठे नव्हते. पुढे त्यांनी मला जपले, माझ्यासाठी शब्दही टाकला, पण मला आधी सांगायला हवे होते, हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी आले नाही. मी त्यांच्याविषयी कृतज्ञ आहे आणि त्यांच्यावर माझा रागही आहे, आणि इतक्या वर्षांत या दोन भावनांपैकी एकीनेही दुसरीला हटवलेले नाही. बर्नसाइड पाहताना मी त्या वरिष्ठांच्या खोलीत परत जाते.

आता लॉरा डिकन्सविषयी. रिकाम्या जागेसाठी माणूस शोधताना चौथ्या भागात ती तुकडीत येते. डायेन कीन या अभिनेत्रीने तिला शांत, थोडे अंतर राखणारे आणि आतून जखमी असे रूप दिले आहे. चार भागांत तिच्यात आणि बर्नसाइडमध्ये जे उमलते ते इतके संकोची आहे की त्याला प्रेम म्हणायलाही दोघे धजत नाहीत. मग सातव्या भागात पूर्व जर्मनीतल्या कामगिरीवर तिला पाठवायची वेळ येते. बर्नसाइडने तिला थांबवले असते तर तुकडीतल्या इतरांशी तो बेइमान झाला असता, म्हणून तो तिला पाठवतो. ती पकडली जाते. तिला सोडवायचे तर बदल्यात द्यायला कैदी हवा, आणि तसा कैदी फ्रेंच हेरखात्याच्या हाती असतो. त्याची किंमत म्हणून फ्रेंच जे मागतात ते ब्रिटनचे स्वतःचे नसते. अमेरिकेकडून विश्वासाने मिळणाऱ्या गुप्त माहितीत त्यांना वाटा हवा असतो.

ही मागणी किती मोठी होती हे कळण्यासाठी थोडा इतिहास हवा. दुसऱ्या महायुद्धात जुळलेले गुप्तवार्तांचे सहकार्य ब्रिटन आणि अमेरिका यांनी १९४६ च्या कराराने पुढे चालू ठेवले, आणि साम्राज्य ओसरल्यावर ब्रिटनच्या हेरखात्याचे वजन बऱ्याच अंशी त्या विश्वासावर टिकून होते. या नात्याला ‘स्पेशल रिलेशनशिप’ म्हणतात. सातव्या भागाचे नावही तेच आहे. बर्नसाइडच्या तीन माणसांच्या तुकडीला तर त्या माहितीशिवाय एक पाऊलही टाकता आले नसते. शेवटी बर्लिनमध्ये अदलाबदलीच्या ठिकाणी लॉरा आपल्या बाजूला चालत येऊ लागते, आणि बर्नसाइडच्याच सांगण्यावरून तिला गोळी घातली जाते. सौदा पूर्ण होत नाही, त्यामुळे किंमतही चुकवावी लागत नाही.

बहुतेकांचा राग या गोळीवर असतो. माझे मत वेगळे आहे, आणि ते बनायला मला हा भाग तीनदा पाहावा लागला. बर्नसाइडचा अपराध त्या गोळीच्या बराच आधी घडलेला आहे. लॉराच्या जागी विली केन असता, तर जे आपले नाही ते देऊ करण्याचा सौदा त्याने पुढे नेला असता का? मला तसे वाटत नाही. त्याने दुःख गिळले असते आणि वाट पाहिली असती. लॉरासाठी त्याने आपला नियम मोडला, आणि तोही उघडपणे वरिष्ठांसमोर जाऊन, माझे या बाईवर प्रेम आहे, म्हणून हा निर्णय माझ्या हातून काढून घ्या, असे सांगून नव्हे. एवढे एक वाक्य तो बोलला असता तर निर्णय दुसऱ्या कोणाकडे गेला असता. ती कदाचित तुरुंगात राहिली असती, पुढे कधीतरी सुटली असती, कदाचित नसती. पण एकच माणूस तिचा प्रियकर, तिचा वरिष्ठ आणि तिच्या मृत्यूचा हुकूम देणारा झाला नसता. सगळे दोर आपल्याच हातात ठेवण्याची त्याची जी सवय आपण सहा भाग कौतुकाने पाहिली, तिचाच हा सातवा भाग आहे.

काही जण मला म्हणतात की देशहितासाठी त्याला हे करावेच लागले. मालिका या म्हणण्याला पुरती मान्यता देत नाही, हे मला तिचे मोठेपण वाटते. ती त्याला खलनायकही ठरवत नाही. या मालिकेत सुरुवातीला आणि शेवटी रॉय बड यांचे संगीत वाजते आणि अधल्यामधल्या प्रसंगांत जवळजवळ काहीच वाजत नाही, त्यामुळे आपण कोणत्या क्षणी काय वाटून घ्यावे हे सांगायला कोणी येत नाही. रॉय मार्सडन या नटाने बर्नसाइडचा चेहरा बहुतेक वेळ बंद ठेवला आहे. तो आखडून चालतो, तुटक बोलतो, खुर्चीतही सैलावून बसत नाही. लॉराच्या मृत्यूनंतर त्याला रडायला लावणे सोपे होते. तसे केले असते तर आपण त्याला माफ करून मोकळे झालो असतो.

त्यानंतर तो सुधारत नाही, आणि हेच मला सर्वांत जास्त खरे वाटते. एवढा घाव बसलेला माणूस शहाणा होऊन पुढच्या पर्वात येईल अशी आपली अपेक्षा असते. बर्नसाइड येतो तो आणखी एकटा आणि आणखी कठोर होऊन. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी खात्याचा पुढचा ‘सी’ कोण व्हावा हेही आपणच ठरवावे अशा खटाटोपाला तो लागतो. त्याला नको असलेल्या गिब्ज नावाच्या अधिकाऱ्याला अडवण्यासाठी तो चक्क पीलचे, म्हणजे ज्याला आयुष्यभर मूर्ख मानले त्याचे घोडे पुढे दामटतो, आणि तरीही गिब्जच प्रमुख होतो. शेवटच्या भागात, माल्टामध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांची शस्त्रमर्यादेची बोलणी चालू असताना, हा करार घातक आहे असे स्वतःच ठरवून तो ती बोलणी उधळण्याच्या मागे लागतो. तीन माणसांच्या जिवासाठी भांडणारा अधिकारी तिथवर पोहोचतो आणि वाटेत त्याला आपण कुठे वळलो हे जाणवतही नाही. त्या भागात विलीला गोळी लागते आणि मालिका तिथेच थांबते.

ती तिथे थांबण्याचे कारण मालिकेबाहेरचे आहे. तिचे जनक इयन मॅकिन्टॉश हे पूर्वी ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. पहिली दोन पर्वे संपूर्ण त्यांनीच लिहिली. तिसऱ्या पर्वाचे काम चालू असताना, जुलै १९७९ मध्ये, ते ज्या लहान विमानातून प्रवास करत होते ते अलास्काच्या आखातावर नाहीसे झाले आणि त्यांचा शोध लागला नाही. उरलेले काही भाग इतरांनी लिहून पर्व पुरे केले. चौथे पर्व झाले नाही. विली जगला का, आणि त्याच्या अंथरुणाशी बसून बर्नसाइडने त्याला काय सांगितले असते, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. त्याने खरे सांगितले असते असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मी त्याला माफ केलेले नाही, आणि त्याला माफ करणे हे माझे काम आहे असेही मला वाटत नाही, कारण जिचा तो हक्क होता ती बर्लिनमध्ये पडली. माझा जीव त्याच्यावर आहे तो त्याच्या पहिल्या भागातल्या त्या हट्टामुळे, आणि तो हट्ट पुढे कशात बदलला हे मी पाहिले आहे म्हणून तो जीव मला परत काढून घेता येत नाही. तुम्ही ही मालिका दुसऱ्या कोणाला सुचवणार असाल तर एक विनंती आहे. सातव्या भागाची ख्याती ऐकून पुष्कळ लोक थेट तोच भाग पाहतात. त्यांना आधीचे सहा भाग क्रमाने पाहायला सांगा, विशेषतः तिसरा, कारण वाग्दत्त वधूसमोर बसून शांत आवाजात बोलणारा तो बर्नसाइड ज्याने पाहिलेला नाही, त्याला बर्लिनमधला बर्नसाइड अचानक आला असे वाटेल.