रांगोळीचं वाळवंट

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी निफाडचे एक द्राक्षबागायतदार माझ्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या ऑफिसात आले. जैसलमेरच्या पलीकडे त्यांनी भागीदारीत जमीन घेतली होती. तिथे 24 खोल्यांचं वेलनेस रिसॉर्ट करायचं होतं. "पर्यावरणाला धरून पाहिजे मॅडम, आणि निसर्गासारखं दिसलं पाहिजे," भाऊ म्हणाले. आर्किटेक्ट म्हणून माझा आजवरचा सगळा अनुभव ओल्या मुलखातला: इगतपुरीकडची फार्महाउस, पागोळ्या, पन्हळी, भिंतींना येणारी ओल. वाळवंटात एकदाच गेले होते, तेही उंटावर बसून फोटो काढायला.

त्यामुळे पहिला नकाशा अगदी ठरल्यासारखा आला. वाळूच्या टेकड्यांसारखी लाटालाटांची छपरं, मधोमध पोहण्याचा तलाव, कडेने हिरवळ. सगळ्यांना आवडला. मलाही.

पण तिथला वारा या छपरांचं काय करेल, हे मात्र कळत नव्हतं. मग रविवार कारंजावरून दोन किलो पांढरी रांगोळी आणली, मॉडेल टेबलावर ठेवलं, समोर पंखा लावला आणि चिमटीचिमटीने रांगोळी सोडत बसले. शास्त्र म्हणून या प्रयोगाला फारशी किंमत नाही, प्रमाणं चुकतातच. पण वीस मिनिटांत खोल्यांची सगळी दारं बुजली. झळ लागू नये म्हणून दारं मी आडोशाला ठेवली होती, आणि वारा मंदावतो नेमका तिथेच. हातातलं ओझं तिथेच टाकतो. मॉडेल बाजूला सारून डब्यातल्या स्टीलच्या वाट्या पालथ्या घातल्या. वाट्यांना वळसा घालून वारा निघून गेला, मागे जेमतेम शेपटीएवढी रांगोळी साठली. पुढे साइटवर गेल्यावर तिथली गोल मातीची झोपडी पाहिली तेव्हा स्वतःचंच हसू आलं.

दुसरी कल्पनाही निसर्गातूनच उचललेली. वाळवंटातले उंदीर दिवसा बिळात राहतात, कारण खाली तापमान फारसं हलत नाही. म्हणून खोल्या चार-पाच फूट जमिनीत उतरवायच्या. आमच्याबरोबर तिथला एक म्हातारा मिस्तरी होता. त्याने नकाशा उलटसुलट पाहिला आणि एवढंच विचारलं, "कवास का नाम सुना है?" नव्हतं ऐकलं. बाडमेर जिल्ह्यातलं हे गाव 2006च्या ऑगस्टमध्ये पुरात बुडालं. वाळवंटात! जमिनीखाली जिप्समचा थर, त्यामुळे पाणी मुरेचना, कितीतरी दिवस तसंच उभं. आमच्या चाचणी खड्ड्यांतही तो थर निघाला. बिळं रद्द झाली. गंमत म्हणजे याच थरावर तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या जगलेत. खालचं पाणी खारं, पण थराच्या वर अडकलेला पावसाचा ओलावा अरुंद तोंडाच्या बेरीत, म्हणजे छोट्या विहिरीत, झिरपतो आणि तो गोड असतो.

मग गारवा आणायचा कुठून? उत्तर शहरातल्या हवेल्यांच्या भिंतींवर होतं. पिवळ्या दगडातलं ते कोरीव काम मी इतके दिवस नुसती श्रीमंती समजत होते. दुपारी नीट पाहिलं तर प्रत्येक झरोका, प्रत्येक कंगोरा खालच्या दगडावर सावली धरून उभा. आपल्याकडे कुंपणाला असलेल्या थोराच्या उभ्या कडा हेच काम करतात, एक बाजू दुसरीला सावली देते. नक्षी परवडणार नव्हती. म्हणून दगडाचा एक थर आत, एक थर बाहेर असे साधे कंगोरे काढले. भिंती जाड, चुन्यातल्या. वर लाकडी तुळया आणि मातीचा जाड थर, जुन्या घरांत असतो तसा.

खरी लढाई पाण्याची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वर्षाचा पाऊस 150 मिलिमीटर धरला. छपरं आणि फरसबंद आगोर, म्हणजे पावसाचं पाणी टाक्यांकडे वळवणारं अंगण, मिळून 3,000 चौरस मीटर, वाया जाणारं वजा करून टाक्यांत पडणार 3,60,000 लिटर. 24 खोल्या, खोलीत दोघं, माणशी 200 लिटर म्हटलं तर रोजचे 9,600. भागाकार केला: साडेसदतीस दिवस. भाऊ म्हणाले, "टँकर लावू." मी म्हटलं, "मग पर्यावरणाचा बोर्ड काढू."

तलावाचा हट्ट मात्र सुटेना. शेवटी विचारलं, "भाऊ, तुमच्या शेततळ्याचं पाणी एप्रिलमध्ये रोज किती उतरतं?"

"अर्धं पेर तरी," ते सहज बोलून गेले, आणि गप्प झाले. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर धरलं तरी आमच्या 150 चौरस मीटरच्या तलावातून कुणी न पोहता 1,500 लिटर उडून जाणार होते. तलाव गेला, हिरवळ गेली. जलोपचाराचा विभाग होता, त्याचं काय? तो प्रश्न पंचवटीतल्या एका वैद्यबाईंनी सोडवला. "अहो, वालुका स्वेद करा की. गरम वाळूची पोटली, कोरडा शेक. पाणी लागतच नाही." वाळवंटात रिसॉर्ट काढून बाहेरून पाणी आणायला निघालो होतो आणि उपचाराचं द्रव्य पायाखाली होतं! फक्त ती चाळून, निवडून घ्यावी लागते, एवढी त्यांनी ताकीद दिली.

रात्रीचे दिवे कमी केले, तारा जमिनीखालून घेतल्या. त्या भागात माळढोक पक्षी आहेत आणि वरच्या तारांवर आदळून ते मरतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यातून माळढोक जवळपास नाहीसे झाले, ते आपण पाहिलंच आहे.

शेवटचा हिशेब मी साइटवरून नाही, निफाडच्या त्यांच्या ओट्यावर मांडला. खोल्या 12. हंगाम ऑक्टोबर ते मार्च, उन्हाळाभर बंद. माणशी 110 लिटर, फ्लशला न्हाणीचं गाळलेलं पाणी. सरासरी साठ टक्के खोल्या भरल्या तर 2,85,000 लिटर. उरलेल्यात कामगारांचं भागतं, ऐसपैस नाही. आगोर मात्र तेवढंच ठेवायचं, इमारत कमी झाली तरी.

भाऊंनी कागद बराच वेळ पाहिला. समोर बागेत एप्रिलच्या छाटणीची कामं चालू होती, वेलींचे नुसते खुंट राहिले होते.

"मॅडम, ही तर खरड छाटणीच झाली," ते म्हणाले, आणि आतून पेन मागवलं.