स्टँडखालची फळी

मोटारसायकल माझ्या टायरच्या दुकानाच्या दारात थांबली आणि चालवणाऱ्याने पहिलं काम काय केलं, तर कॅरियरला बांधलेली लाकडाची फळी सोडवली. हातभर लांब, बोटभर जाड. ती जमिनीवर ठेवून तिच्यावर मेन स्टँडचे पाय टेकवले आणि गाडी मागे ओढली. इतक्या सवयीने, की ही फळी गाडीबरोबर कंपनीनेच दिली असावी असं वाटलं.

"स्टँड झिजलंय," तो म्हणाला. "फळी नसली की मागचं चाक खाली टेकतं."

चाळीस वर्षांची गाडी. मीही मान डोलावली.

त्याला टायर बदलायचे होते. तक्रार अशी, की वळणावर गाडी आधी कलायला तयार होत नाही, जोर लावावा लागतो, आणि मग एकदम अंगावर येते. कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, बदलून झाला, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे बुश बदलून झाले, मागचे दोन्ही शॉकअप नवे घातले, फरक शून्य. आता उरले टायर. "मागचा याच साइजचा द्या, पण चांगल्यातला. पुढच्याला ग्रिप भरपूर आहे, तो राहू दे."

ग्रिप म्हणजे नक्षी खोल दिसतेय, एवढाच त्याचा अर्थ. मी पुढच्या टायरवर अंगठ्याचं नख रोवलं. नखच वाकलं. नक्षीच्या खाचा बोटांनी फाकवल्या तर तळाशी केसासारख्या भेगा, एकीला लागून एक. टायरच्या कुशीवरचा, म्हणजे बाजूच्या भिंतीवरचा, मजकूर ओल्या फडक्याने पुसला आणि तारखेचा कोड शोधला. चार आकडे असायला हवेत, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे तीनच होते: 378, आणि पुढे बारीक त्रिकोण. तीन आकडे म्हणजे 2000 च्या आधीचा माल, त्रिकोण म्हणजे नव्वदचं दशक. 1998 सालचा सदतिसावा आठवडा. हा माणूस पंचवीस वर्षांहून जुन्या रबरावर ब्रेक मारत होता, तेही पुढच्या.

उभी राहणारी गाडी टायर जास्त खाते, हे लोकांना पटत नाही. रबरात भेगा पडू नयेत म्हणून मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरत असला, दबत-सुटत असला की ते पृष्ठभागावर येत राहतात. गाडी कोपऱ्यात उभी राहिली की ते येणं मंदावतं आणि हवेतला ओझोन आपलं काम करत बसतो. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा आणि दहा झाली की नक्षी कितीही असो, काढावा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

पुढचा निकालात निघाला. मागच्यावर 120/90-18, म्हणजे रुंदी 120 मिलिमीटर, उंची रुंदीच्या नव्वद टक्के, रिम 18 इंची. चेनच्या बाजूने त्याच्या कुशीवर चकचकीत काळा पट्टा उमटला होता, चेनगार्डला घासून घासून. आणि नक्षी फक्त मधोमध झिजलेली, दोन बोटांच्या रुंदीत. कडा अगदी कोऱ्या.

इथे मला पहिल्यांदा शंका आली. जुन्या गाडीवर जो टायर आहे तोच तिचा साइज, असं धरून चालणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात सोपा घोटाळा. टायर पाच हातांतून बदललेला असतो, रिम मात्र बहुधा मूळची असते. व्हॉल्वजवळचा गंज तारेच्या ब्रशने घासला. 1.85 × 18, रुंदी आणि व्यास, इंचांत. एक पूर्णांक पंच्याऐंशी इंच म्हणजे 47 मिलिमीटर. त्यावर 120 मिलिमीटरचा टायर! कमरेला करकचून दोरी बांधली की पोट जसं वर येतं, तसा टायर मधून उचलला जातो आणि त्याचा गोलवा टोकदार होतो. म्हणून सरळ जाताना मधला पट्टाच टेकायचा, आणि वळताना गाडी त्या टोकावरून पलीकडे पडायची.

गाडीचं पुस्तक त्याच्याकडे होतं. मागचा टायर 3.50-18.

मी पुस्तकाच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. 18 इंच म्हणजे 457 मिलिमीटर. जुन्या इंची टायरची उंची साधारण त्याच्या रुंदीएवढीच, साडेतीन इंच म्हणजे 89. दोन्ही बाजू धरून 635. आता 120/90: एकशेवीसचे नव्वद टक्के 108, दोन्हीकडून 216, एकूण 673. व्यासात 38 चा फरक, म्हणजे एक्सलपासून खाली 19 मिलिमीटर जादा.

मी खाली वाकून फळीला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. वीस मिलिमीटर.

"स्टँड झिजलेलं नाही," मी म्हटलं. "चाक मोठं आहे."

तो फळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चढाला गियर लवकर पाडावा लागतो, ते पण यामुळेच?" चाकाचा घेर सहा टक्के वाढला की गियर तेवढेच लांबतात. त्याला वाटत होतं इंजिन थकलंय.

चाक काढलं, हवा सोडली, बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड, पाडला, लोखंडी पट्ट्या लावून टायर उतरवला. आऱ्यांची टोकं झाकणारी रबरी पट्टी रिमवरून सोलली आणि आतल्या बाजूला पांढऱ्या पेंटने लिहिलेलं दिसलं: "5-11, मागे 120".

शेपूट वर वळवलेला तो पाच माझा. टायर बसवला की पट्टीच्या आत महिना-वर्ष लिहायची सवय मला पहिल्यापासून आहे.

मग आठवलं. 2011 साली गाडी दुसऱ्याची होती. त्याला मागून भारदस्त दिसणारी हवी होती, 3.50 हाताशी नव्हता, हा होता, आणि स्विंगआर्ममध्ये कसाबसा मावला. मावला म्हणजे बसला, एवढंच मी बघितलं. पुढचा टायर तेव्हाच तेरा वर्षांचा झाला होता, त्याच्याकडे नजरही टाकली नव्हती.

सांगावं की न सांगावं, असा विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही. पट्टी त्याच्यासमोर धरली आणि म्हटलं, "हे माझंच काम आहे."

तो बराच वेळ गप्प. मग एकच प्रश्न: "म्हणजे कोनसेट चांगला होता?"

"असणार."

हसला की चिडला, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या दिवशी टायर बसलेच नाहीत. टायर कंपन्यांच्या तक्त्यात 3.50-18 च्या बदल्यात 100/90-18 देतात आणि व्यास जुळतोही, 637 येतो. पण मी पाहिलेल्या तक्त्यांत त्याला 2.15 पासूनची रिम लागते, आपली 1.85. पुन्हा "बसतोय ना" म्हणायची माझी तयारी नव्हती. 3.50-18 मागवला. वेगाचं अक्षर पी, म्हणजे ताशी 150 पर्यंत. ही गाडी तिथवर जायची नाही. भाराचा आकडा 56, म्हणजे 224 किलो. दोघं बसून सामान टाकलं तरी पुरेसा. पुढे 3.25-19, त्याच कंपनीचा, दोन्ही साधे बायस बांधणीचे, म्हणजे आतले धागे तिरके असलेले. त्याला रेडियलची हौस होती, ती मी मोडून काढली. या सांगाड्याला आणि या रिमला ते नको.

माल आल्यावर बसवताना ट्यूब नव्या घातल्या. जुनी ट्यूब एकदा ताणली की नव्या टायरात तिला घडी पडते. टायर कुठल्या बाजूने फिरायचा ते दाखवणाऱ्या बाणाची दिशा मी दोनदा बघितली. व्हॉल्वचा नट रिमला न आवळता वर टोपीला भिडवून ठेवला, म्हणजे टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व तिरका होऊन आधीच सांगेल. हवा भरली आणि कुशीवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारखी आहे का ते चाक फिरवून बघितलं. मजुरी मी घेतली नाही आणि त्यानेही आग्रह केला नाही.

"पहिले दीडशे किलोमीटर जपून. नवं रबर गुळगुळीत असतं."

तो एक चक्कर मारून आला, गाडी सहज स्टँडला लावली, पुन्हा काढली आणि गेला. काही न बोलता.

संध्याकाळी फोन. "काका, माझी फळी राहिली का तिथं?"

होती, भिंतीला टेकून. पट्टीसकट.