लॉन नको, मग अंगणात काय?

बंगल्याचा ताबा मिळाला, रंगकाम उरकलं की लोकांना बागेची आठवण होते आणि मला बोलावणं येतं. ही बाई लॉन लावू देत नाही, देशी झाडं लावा म्हणते, हे कुणीतरी आधीच कानावर घातलेलं असतं. त्यामुळे चहा यायच्या आत प्रश्न येतो, "लॉन नको म्हणता, मग बाग चांगली दिसणार कशी?" पुण्यात आणि आसपास हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

आधी पाण्याचा हिशोब. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात गवत हिरवं राखायचं तर दिवसाला साधारण ५ मिलिमीटर लागतं. १००० चौरस फुटांचं लॉन म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे रोजचे साडेचारशे लिटर. उन्हाळ्याचे शंभर दिवस धरले तर ४५ हजार. आता वर बघा. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढ्याच मापाच्या गच्चीवरून, गळती-सांडणी वजा जाता, ५० हजार लिटर मिळतील. गच्चीवर वर्षभर पडलेलं पाणी जवळजवळ सगळं एकट्या गवताच्या घशात! आणि ते जूनपासून मेपर्यंत साठवणार कशात? शेवटी टँकरच येतो. यावर उपाय म्हणून हल्ली प्लास्टिकचं लॉन अंथरतात. मे महिन्यात भर दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा, मग बोलू.

राहिलं दिसण्याचं. लॉन डोळ्यांना बरं का वाटतं? एक सपाट मोकळी जागा असते आणि तिला रेखीव कड असते. या दोन्ही गोष्टी गवताशिवाय जमतात. देशी झाडं लावली की रान माजेल, ही भीती खोटी नाही. मिळेल ते आणून मिळेल तिथे खुपसलं तर माजतंच. म्हणून माझा निम्मा वेळ कडेवर जातो. दोरी धरून शहाबादी फरशीची वीतभर रुंद पट्टी बसवून घेते, मुरमावर वाळू टाकून. सिमेंट ओतायचं नाही, सांध्यांतून पाणी मुरलं पाहिजे. गवंडी हमखास कुरकुरतो. पण ती एक सरळ रेघ असली की तिच्या आत धायटी, कोरांटी, अडुळसा कसेही वाढू देत, बाग राखलेली दिसते. दुसरं, नर्सरीतून प्रत्येकाचं एकेक रोप आणू नका. एकाच जातीची पाच-सात रोपं एकत्र लावली तर नजर ठरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये धायटीचा असा ताटवा लाल होतो तेव्हा शिंजीर पक्षी तिथून हलत नाहीत.

मोकळ्या जागेत जलपिंपळी लावते. ती जमिनीलगत पसरते, अधूनमधून पाय पडला तरी तिचं काही बिघडत नाही, आणि कापायचं यंत्र लागत नाही. कुंपणाला करवंद किंवा मेंदी. नर्सरीवाला कोनोकार्पस गळ्यात मारेल, "झटपट वाढतं, बारा महिने हिरवं" म्हणून. गुजरात सरकारने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, एवढं त्याला सांगा.

मोठं झाड एकच, पण पश्चिमेला. दुपारनंतरचं ऊन भिंतीवर यायच्या आधी त्याने अडवायचं. मी बहुतेकदा बहावा सुचवते. उन्हाळ्याच्या तोंडावर पानं झडतात म्हणून घरची मंडळी नाराज होतात. मग तो पिवळा होतो आणि तेच लोक फोटो पाठवतात. झडलेली पानं जाळायची नाहीत. झाडाच्या आळ्यात चार बोटं जाडीचा थर द्या, खोडाला न चिकटवता. पाणी घालायची पाळी लांबते.

लावल्यानंतर वर्षभरात एक फोन ठरलेला. "लिंबाची पानं कुणीतरी खातंय, औषध कुठलं मारू?" पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं काळं-पांढरं दिसतंय ना, मी विचारते. ती अळी आहे. थोडी मोठी झाली की हिरवी होते, मग कोष, मग फुलपाखरू. लिंबाच्या जातीच्याच झाडांवर नीलवंतही अंडी घालतो, २०१५मध्ये राज्य फुलपाखरू झालेला. झाडाला पुन्हा पालवी येते, ते मरत नाही. फुलपाखरं हवीत आणि अळ्या नकोत, असं पॅकेज माझ्याकडे नाही.

साप-डासांचंही विचारता, तेही सांगते. साप उंदरांमागे येतो, आणि उंदीर बांधकामाच्या उरल्या विटा-फळ्यांच्या ढिगात असतात. तो ढीग आधी हलवा. डास कुंड्यांखालच्या ताटल्यांत होतात. पक्ष्यांसाठी पाणी ठेवत असाल तर एक दिवसाआड ओतून भांडं घासा.

एवढं ऐकूनही लॉन हवंच असेल, घरात रांगतं मूल असेल, तर सतरंजीएवढं लावा. सकाळचं ऊन येतं तिथे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मूल दिसेल असं. बाकीच्या जागेसाठी मला मे महिन्यात बोलवा, म्हणजे खड्डे तापवून, खत-माती भरून पहिल्या पावसाला रोपं जमिनीत जातील. फेब्रुवारीत वास्तुशांत आहे, तेवढ्यात बाग उभी करून द्या म्हणाल, तर ते काम मी घेत नाही.