मामाच्या आजाराबद्दल मी बोलले तेव्हा

लेकाच्या सॅकमध्ये गांजाची पुडी सापडली त्या रात्री मी नुसती ओरडत सुटले. "एकदा ओढलास की आयुष्यातून उठलास," असंही बोलून गेले. तो सोळा वर्षांचा. शांतपणे म्हणाला, "आई, माझे चार मित्र ओढतात, चौघांचंही नीट चाललंय." मी गप्प झाले. आपण फुगवून सांगतोय हे या वयाच्या मुलांना लगेच कळतं आणि मग खरं सांगितलेलंही त्यांना पटत नाही.

समुपदेशक बाईंकडे पहिल्यांदा मी एकटीच गेले. त्यांनी सांगितलं, गांजा घेणाऱ्या साधारण १० जणांपैकी एकाला व्यसन लागतं. सुरुवात किशोरवयात झाली असेल, तर ६ जणांपैकी एकाला. म्हणजे ते चार मित्र ठीक असतीलही, तरी धोका होताच. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते आणि मोह आवरणारा पुढचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. त्या घडणीत शरीराची स्वतःची काही रसायनं काम करत असतात. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, नेमकं त्यांच्याच जागी जाऊन बसतं.

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला मानसिक आजार?"

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. मुलांना आम्ही इतकंच सांगत आलो, की मामाची तब्येत बरी नसते. रक्ताच्या नात्यात हा आजार असेल, तर गांजामुळे भास-भ्रम सुरू होण्याचा धोका आणखी वाढतो. ज्याला हे कळायलाच हवं होतं, त्याच्यापासूनच आम्ही ते लपवलं होतं. आमची ही चूक मला त्या पुडीपेक्षाही मोठी वाटते.

त्या रात्री मी त्याला मामाबद्दल सगळं सांगितलं. कॉलेजात असताना मामाला आवाज ऐकू येऊ लागले होते तेही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मलाही एकदा ओढल्यावर खूप भीती वाटली होती. सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटत होतं."

दोन दिवसांनी तो माझ्याबरोबर बाईंकडे आला. त्याच्या बाबांना दर आठवड्याला लघवीची तपासणी हवी होती. बाई म्हणाल्या, टीएचसी चरबीत साठतं, रोज घेणाऱ्याच्या लघवीत बंद केल्यावरही कित्येक आठवडे दिसू शकतं. तो खरं बोलत असला तरी खोटा ठरेल. तो विषय तिथेच सोडला.

गांजा सोडताना त्रास होत नाही, हा माझा समज साफ चुकीचा निघाला. दुसऱ्या दिवसापासून चिडचिड सुरू झाली, भूक मेली, झोप उडाली. झोप लागलीच तर विचित्र स्वप्नं. पहिला आठवडा फार कठीण गेला. मधे एकदा तो पुन्हा ओढून आला आणि स्वतःच येऊन सांगितलं. मी ओरडले नाही, फक्त विचारलं, आज काय झालं होतं?

नीट झोप लागायला तीन आठवडे गेले. त्यानंतरच्या रविवारी त्याने मामाचा नंबर मागितला.