सत्तेचाळीस पैसे

"सर, ठेवींची बाकी तीन दिवस एकच दाखवतेय. तेरीज जुळत नाही." तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेतून हिशेबनीस बाईंचा फोन. हिशेबाचं सॉफ्टवेअर आमचं, आणि आमच्या सपोर्टच्या मुलाने आधीच दोनदा कॉम्प्युटर बंद-चालू करायला लावला होता. आमच्याकडे हाच पहिला उपाय, आणि बऱ्याचदा शेवटचाही.

मी रिमोटने आत शिरलो. एकूण ठेवी: २,१४,७४,८३६.४७. किर्द बरोबर, खतावणी बरोबर, एकेका खात्याची बाकीही बरोबर. दीड तास क्वेऱ्या उकरत बसलो. शेवटी बाईच म्हणाल्या, "ते सत्तेचाळीस पैसे आमचे नाहीत. आम्ही व्याजसुद्धा पूर्ण रुपयात देतो. पहिल्याच दिवशी पेन्सिलने गोल केलाय मी."

मनातल्या मनात स्वल्पविराम आणि दशांशाचा टिंब पुसला. २१४७४८३६४७. हा आकडा मी झोपेतही म्हणेन, पण लाख-कोटींच्या पोशाखात ओळखलाच नाही.

दोनाचा एकतिसावा घात, वजा एक. बिट म्हणजे कॉम्प्युटरचा शून्य किंवा एकचा अंक; अधिक-वजा चिन्हासाठी एक बिट राखून ठेवलेल्या बत्तीस बिटांच्या पूर्णांकाची ही कमाल. रुपये अपूर्णांकात ठेवले की बेरजेत पैशापैशाची गळती होते, म्हणून आम्ही सगळं पैशांत साठवतो. याचा मला अभिमान होता. खरं तर अजूनही आहे. पण रोजच्या गोषवाऱ्यातला एकूण रकमेचा रकाना बत्तीस बिटांचाच राहून गेला. दिवाळीनंतर ठेवी सव्वादोन कोटींवर गेल्या आणि जुन्या, ढिल्या सेटिंगवर चालणारा डेटाबेस मावेल तेवढा आकडा लिहून रोज मोकळा होत राहिला. इशारा दिला होता म्हणे, लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत. लॉग वाचतो कोण?

रकाना चौसष्ट बिटांचा व्हायला चार मिनिटं लागणार होती. शरम झाकायला मी गणित काढलं. "मॅडम, ही मूळसंख्या आहे. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये योहान बर्नुली (तिसरा) याला पत्रातून कळवलं होतं." वर्गमूळ ४६,३४० च्या जरासं पुढे; तिथवरच्या साऱ्या संख्यांनी भागून बघायचं म्हणजे जन्म गेला असता. पण भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरणार, हे त्याने हेरलं. काम आलं फार तर ३७२ भागाकारांवर. तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना.

"तीनशे बहात्तर भागाकार!" बाई म्हणाल्या. "आणि तुमच्याकडे एक बेरीज कुणी पडताळली नाही."

मी गप्प.

"आता किती रुपयांना अडकेल?"

"९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५८.०७."

"हीपण मूळसंख्या?"

"नाही. पैशांत लिहिली की सातने भाग जातो. दोनदा."

त्यांनी आकडा परत एकदा सावकाश सांगायला लावला. पलीकडून कागदावर पेन्सिल सरकल्याचा आवाज आला. "शेवटी सात पैसे," त्या पुटपुटल्या, "वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते."