गिटारने बिघडवलेला टँगो

टँगो या अर्जेंटिनाच्या नृत्यसंगीताचे संगीतकार आणि वादक आस्तोर पियाझोला १९५५ मध्ये पॅरिसहून ब्वेनोस आयरेसला परतले आणि त्यांनी आठ जणांचा एक वाद्यवृंद उभा केला : दोन बँडोनिऑन (भात्याने वाजवायचे हातातले वाद्य), दोन व्हायोलिन, चेलो, डबल बेस, पियानो आणि इलेक्ट्रिक गिटार. आधीची वाद्ये टँगोला कमीअधिक परिचयाची होती. गिटारची तार विजेला जोडलेली पाहून मात्र परंपरेच्या अभिमान्यांचे पित्त खवळले. ‘ओक्तेतो ब्वेनोस आयरेस’ हा वृंद जेमतेम तीन वर्षे टिकला, तरी प्रयोगशील टँगोचा विषय निघाला की मी प्रथम त्याचीच ध्वनिमुद्रणे लावतो.

पॅरिसमध्ये पियाझोला संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे पाश्चात्त्य अभिजात संगीतरचना शिकत होते. टँगोवाल्यांच्या वृंदांत घालवलेली वर्षे त्यांनी आधी बाईंपासून लपवलीच होती. पण टँगो वाजवून दाखवल्यावर तो सोडू नका, असे बाईंनीच बजावले. त्याच मुक्कामात अमेरिकन सॅक्सोफोनवादक जेरी मलिगन यांचा जॅझ वृंद ऐकला आणि वादकांनी एकमेकांना सुरांनी उत्तरे देण्यातला आनंद पियाझोलांच्या मनात भरला. म्हणून गिटारसाठी त्यांनी जॅझमधले ओरासियो माल्विसिनो निवडले आणि, जिथे वादकाने लिहिलेलेच वाजवायचे अशी शिस्त होती तिथे, त्यांना उपजेची, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याची, मोकळीक दिली. या वृंदात गायक नव्हता आणि नाचणाऱ्यांची सोय पाहिलेली नव्हती. संगीत बसून ऐकायचे होते.

जॅझ, अभिजात संगीत आणि टँगो एकत्र आणूनही त्याची खिचडी झाली नाही, याचे श्रेय मी लयीला देतो. आठ मात्रांची तीन-तीन-दोन अशी विभागणी करून पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर टाळी देऊन पाहावी, म्हणजे पियाझोलांच्या संगीतातला तो अडखळत पुढे रेटणारा झोक हाताला कळतो. ड्रम नसताना हा आघात उभा करण्यासाठी टँगोचे व्हायोलिनवादक घोडीच्या पलीकडच्या, एरवी कोणी न वाजवणाऱ्या तारेवर गज घासून रातकिड्यासारखा करकरीत आवाज काढतात आणि त्याला ‘चिचार्रा’ म्हणतात. बँडोनिऑन मूळचे जर्मनीतले, आपल्या पेटीसारखेच पत्तीवर बोलणारे वाद्य. पण त्याचे एकच बटण भाता उघडताना एक सूर देते आणि मिटताना दुसरा. पियाझोला उभे राहून, एक पाय उंचावर टेकवून ते मांडीवर घेत, आणि भात्याच्या झटक्याने जो घाव बसे तो तबल्याच्या थापेइतका स्पष्ट ऐकू येतो.

पुढे १९९९ मध्ये पॅरिसमध्येच ‘गोतान प्रोजेक्ट’ या गटाने टँगोखाली इलेक्ट्रॉनिक ठेका घातला आणि अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापांची एक रचनाही बँडोनिऑनच्या वळणावर नेली. ते मला आवडते. पण ठेका यंत्राने एकसारखा धरला की लयीची ओढाताण ढिली पडते आणि संगीत गप्पांच्या मागे वाजायला सोयीचे होते. ओक्तेतोचे वादन कोणाला मागे वाजू द्यायला तयार नसते. एदुआर्दो आरोलास यांचा ‘एल मार्ने’ हा जुना टँगो त्यांनी असा मांडला आहे की ओळखीची चाल दिसते न दिसते तोच तिच्यावरून दुसरे वाद्य धावत जाते.

१९५८ मध्ये वृंद मोडून पियाझोला न्यूयॉर्कला गेले. १९६० मध्ये मायदेशी परतून त्यांनी नवे पंचक बांधले, तेव्हा वाद्ये आठांवरून पाचांवर आली. त्या पाचांत इलेक्ट्रिक गिटार होती आणि ती पुन्हा माल्विसिनोंच्याच हाती होती.